आरव्हीसाठी हायड्रॉलिक लेव्हलिंग सिस्टीम निवडताना ब्रँडच्या आधी काय बघायचं?

रस्त्याचं किंवा पायाचं खोदकाम सुरू असताना जेसीबी पाहिलाय ना? काम सुरू करण्याआधी तो मागचे दोन पाय बाहेर काढून जमिनीवर घट्ट रोवतो. मागची चाकं थोडी हलकी होतात, मशीन स्थिर होतं आणि मग खोदायला सुरुवात होते.

अमेरिकेत फिरणाऱ्या मोठ्या आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, मुक्कामाला थांबली की साधारण हेच करतात. ड्रायव्हर एक बटण दाबतो, गाडीच्या पोटाखालून चार पाय खाली येतात, गाडी थोडी इकडे थोडी तिकडे उचलली जाते आणि दोन-तीन मिनिटांत सपाट होते. या व्यवस्थेला हायड्रॉलिक लेव्हलिंग सिस्टीम म्हणतात.

सगळं सुरळीत असतं तोवर तिची आठवणही येत नाही. पण निघायच्या सकाळी एखादा पाय वर यायला तयार नसेल, तर घरासकट गाडी जागेवर अडकते. पाय खाली असताना गाडी चालवता येत नाही, आणि इतकी जड गाडी टो करून नेणंही सोपं नसतं.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात राहणारी अनेक मराठी कुटुंबं आता आरव्ही भाड्याने घेतात, काही जण विकतही घेतात. म्हणूनच समजून घेऊ, की ही सिस्टीम काम कसं करते, तिचे प्रकार कोणते आणि ती भरवशाची आहे की नाही हे कशावरून ओळखायचं.

मुळात गाडी सपाट कशाला हवी?

पहिलं कारण अगदी साधं. गाडी तिरकी असेल तर झोपेत डोकं खाली आणि पाय वर होतात, दारं आपोआप उघडतात, तव्यावर घातलेलं आंबोळीचं पीठ एका बाजूला ओघळतं आणि बाथरूममधलं पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचतं. टाकीत पाणी किती आहे हे दाखवणारे सेन्सरही चुकीचा आकडा दाखवतात.

दुसरं कारण पैशाचं आहे, आणि ते म्हणजे फ्रिज. बऱ्याच आरव्हींमध्ये गॅसवरही चालणारा ॲबसॉर्प्शन फ्रिज असतो. १९२२ मध्ये स्टॉकहोममध्ये शिकत असलेल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी हे तंत्र शोधलं. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. उष्णतेच्या जोरावर अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचं चक्र फिरत राहतं आणि द्रव पदार्थ गुरुत्वाकर्षणाने खाली वाहत येतो.

गाडी बराच वेळ तिरकी उभी राहिली तर हा द्रव नळ्यांमध्ये अडून राहतो. बर्नरची उष्णता मात्र चालूच असते. नळ्या गंजू नयेत म्हणून आत मिसळलेलं रसायन तिथे घट्ट होऊन बसतं आणि वाट बंद होते. असं झालं की कुलिंग युनिट कायमचं निकामी होतं. म्हणून अशा फ्रिजच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा एका दिशेला ३ अंश आणि दुसऱ्या दिशेला ६ अंश अशी तिरकेपणाची मर्यादा दिलेली असते. गाडी धावत असताना द्रव सतत हिंदकळत असतो, त्यामुळे तेव्हा हा धोका कमी असतो.

नव्या गाड्यांमध्ये घरच्यासारखा कॉम्प्रेसरवर चालणारा फ्रिज असतो. त्याला तिरकेपणाचा एवढा त्रास होत नाही. तुमच्याकडे असा फ्रिज असेल तर लेव्हलिंग मुख्यतः सोयीसाठी आणि स्लाइड-आउटसाठी लागतं. स्लाइड-आउट म्हणजे खोलीचा बाहेर सरकणारा भाग. गाडीचा सांगाडा पिळलेला असेल तर हा भाग सरकताना अडकू शकतो.

सिस्टीम चालते कशी?

तत्त्व जुनंच आहे. बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो. हा पास्कलचा नियम शाळेत सगळ्यांनीच वाचलेला असतो.

आरव्हीत त्याचे भाग असे असतात:

- पंप आणि टाकी: गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी मोटर तेलाला दाब देते.
- व्हॉल्व्ह ब्लॉक: कोणत्या पायाला तेल द्यायचं आणि कुठे अडवून ठेवायचं हे इथे ठरतं.
- जॅक: म्हणजेच पाय. सिलिंडरच्या आतला दट्ट्या तेलाच्या दाबाने खाली सरकतो.
- सेन्सर: गवंड्याच्या पाणसळीचं काम हा करतो. गाडी कुठल्या बाजूला कलली आहे ते सांगतो.
- कंट्रोलर आणि टचपॅड: सेन्सरचं ऐकून कोणता पाय किती ढकलायचा हे ठरवणारा मेंदू.

एवढ्याशा पंपाने एवढी मोठी गाडी कशी उचलली जाते? हिशोब करून पाहू. समजा, दट्ट्याचा व्यास २ इंच आहे. त्याचं क्षेत्रफळ साधारण ३.१४ चौरस इंच होतं. तेलाचा दाब दर चौरस इंचाला ३,००० पाउंड असेल तर त्या एका पायाची ताकद सुमारे ९,४०० पाउंड होते, म्हणजे सव्वाचार टनांच्या आसपास. मनगटाएवढ्या जाडीच्या सिलिंडरमध्ये एवढी ताकद बसते, म्हणूनच जड गाड्यांसाठी हायड्रॉलिकला पसंती मिळते.

हायड्रॉलिक, इलेक्ट्रिक की एअर?

बाजारात तीन मुख्य पर्याय आहेत.

इलेक्ट्रिक सिस्टीममध्ये प्रत्येक पायाला स्वतंत्र मोटर आणि स्क्रू असतो. तेल नाही, होज नाही, त्यामुळे गळतीही नाही. मागे ओढायच्या हलक्या ट्रेलरला ही पुरेशी असते. मात्र तिचा वेग कमी असतो आणि वजन वाढत गेलं की मोटर आणि गिअरवरचा ताणही वाढतो.

एअर सिस्टीम मोठ्या डिझेल मोटरहोममध्ये दिसते. गाडीच्या सस्पेन्शनमध्ये आधीच हवेचे फुगे असतात, त्यांत हवा कमी-जास्त करून गाडी सपाट केली जाते. जमिनीला वेगळे पाय टेकवावे लागत नाहीत. पण सस्पेन्शनच्या मर्यादेपलीकडे गाडी उचलता येत नाही, आणि आत माणसं चालली की ती थोडी डुलते.

हायड्रॉलिकमध्ये ताकद, वेग आणि स्थैर्य तिन्ही मिळतं. त्याच्या बदल्यात तेल, सील, होज आणि व्हॉल्व्ह यांची काळजी घ्यावी लागते. बसवून घ्यायचा खर्च काही हजार डॉलरमध्ये जातो. त्यामुळे छोट्या कॅम्पर व्हॅनसाठी आणि हलक्या ट्रेलरसाठी हा खर्च बहुतेक वेळा गरजेचा नसतो. तिथे चाकाखाली ठेवायचे प्लॅस्टिकचे ठोकळेही काम भागवतात.

जॅकचे प्रकार

*सरळ खाली येणारे जॅक:* हे कायम उभेच असतात आणि सरळ खाली येतात. हलणारे सांधे कमी असल्याने ते मजबूत असतात. पण गाडीखाली लोंबत असल्यामुळे जमिनीपासूनची मोकळी जागा कमी होते. पेट्रोल पंपाच्या चढावर किंवा खडबडीत वाटेवर ते घासतात.

*खाली झुलून येणारे जॅक:* प्रवासात हे आडवे दुमडलेले असतात आणि वापरताना झुलून उभे राहतात. मोकळी जागा भरपूर मिळते. पण झुलण्यासाठी स्प्रिंग आणि बिजागरी लागते, म्हणजे झिजणारे भाग वाढले.

आणखी एक फरक विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत. जॅक वर कसा येतो, हा तो फरक. काही जॅक स्प्रिंगने वर ओढले जातात, तर काहींमध्ये तेलाचाच दाब उलट दिशेने देऊन दट्ट्या वर घेतला जातो. स्प्रिंगवाल्या जॅकमध्ये कालांतराने स्प्रिंग सैल पडते, दांड्यावर चिखल किंवा गंज चढतो, थंडीत तेल घट्ट होतं आणि पाय हळूहळू किंवा अर्धवट वर येतो. तेलाच्या दाबाने वर येणारा जॅक इथे जास्त खात्रीचा असतो. तो वर घेण्यासाठी मात्र पंप चालू असावा लागतो.

पाय किती हवेत?

मोटरहोमला बहुधा चार पाय असतात, काही जुन्या सिस्टीममध्ये तीन. पिकअप ट्रकच्या मागच्या भागात जोडल्या जाणाऱ्या फिफ्थ व्हील ट्रेलरला चार किंवा सहा. लांब आणि जड फिफ्थ व्हीलमध्ये सहा पायांमुळे मधला भाग नीट पेलला जातो आणि डुलणं कमी होतं.

चार पायांच्या सिस्टीममध्ये पाय जोडीने चालतात की एकेकटे, हे जरूर विचारा. एकाच कोपऱ्याचा पाय जोरात ढकलला गेला तर गाडीचा सांगाडा पिळला जातो. मोठ्या मोटरहोममध्ये अशा पिळामुळे पुढची मोठी काच जागेवरून सरकण्याचा किंवा तडकण्याचा धोका असतो. म्हणून पुढचे दोन किंवा मागचे दोन पाय एकत्र चालवणारी रचना सांगाड्यासाठी सुरक्षित समजली जाते.

पहिला हिशोब वजनाचा

इथे बहुतेकांची गफलत होते. माहितीपत्रकातला गाडीचा रिकामा वजनाचा आकडा पाहून जॅक निवडला जातो. पण आरव्ही रिकामी कधीच नसते. पाणी, गॅस, सामान, भांडी, सायकली आणि माणसं धरून ती बरीच जड होते.

बघायचा आकडा म्हणजे गाडीचं कमाल परवानगी असलेलं एकूण वजन. अमेरिकेत त्याला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात आणि तो दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, फोर्डच्या ई-४५० चासीसाठी तो १४,५०० पाउंड आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या मोटरहोमसाठी वापरली जाणारी फोर्डची एफ-५३ चासी १६,००० ते २६,००० पाउंडांच्या टप्प्यात येते.

पण एकूण वजन कळून भागत नाही. ते वाटलं कसं गेलंय, हे कळायला हवं. समजा, २२,००० पाउंडांच्या गाडीत पुढच्या ॲक्सलवर ८,००० आणि मागच्यावर १४,००० पाउंड आहेत. वजन डाव्या-उजव्या बाजूला सारखं धरलं तरी पुढच्या प्रत्येक पायाकडे ४,००० आणि मागच्या प्रत्येकाकडे ७,००० पाउंड येतात. प्रत्यक्षात स्वयंपाकघर आणि स्लाइड-आउट ज्या बाजूला असतात ती बाजू जड असते, म्हणजे एखाद्या कोपऱ्यावर ८,००० च्या वर भार जाऊ शकतो. अशा गाडीला मागे ६,००० पाउंडांचे पाय लावले, तर चार पायांची बेरीज २४,००० होते आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. प्रत्यक्षात मागचे पाय पहिल्या दिवसापासून क्षमतेपलीकडे राबतात.

म्हणून बेरजेवर जाऊ नका. सर्वांत जड कोपरा बघा आणि त्याच्या वर मोकळीक ठेवा. अमेरिकेत ट्रक स्टॉपवर असलेल्या कॅट स्केल काट्यावर थोड्या डॉलरमध्ये प्रत्येक ॲक्सलचं वजन मिळतं. एस्केपीज या आरव्ही क्लबची स्मार्टवे सेवा तर प्रत्येक चाकाच्या जागेचं वेगळं वजन करून देते. गाडी पूर्ण भरून वजन करा आणि ती पावती घेऊनच विक्रेत्याकडे जा.

दुसरा हिशोब लांबीचा

पाय किती लांब बाहेर येतो, त्याला स्ट्रोक म्हणतात. पुढच्या आणि मागच्या पायांत २० फूट अंतर आहे आणि जमिनीला ३ अंशांचा उतार आहे असं धरा. गाडी सपाट करायला एका टोकाला साधारण साडेबारा इंच उचलावं लागेल. ३ अंश हा उतार डोळ्यांना फार वाटत नाही, पण लांब गाडीला तो जवळजवळ फूटभर पडतो.

त्यात पाय जमिनीला टेकेपर्यंतचं अंतर वेगळं. म्हणजे १२ इंच स्ट्रोक असलेला पाय जमिनीपासून ७ इंच वर असेल, तर उचलायला त्याच्याकडे ५ इंचच उरतात. उरलेली उंची चाकाखाली किंवा पायाखाली मजबूत ठोकळे ठेवून भरून काढावी लागते. स्ट्रोक संपला की कंट्रोलर एरर दाखवून थांबतो. अनेकांना वाटतं सिस्टीम बिघडली, पण प्रत्यक्षात जागाच चुकीची निवडलेली असते.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: बिघडली तर पाय वर कसे घ्यायचे?

विश्वासार्ह सिस्टीम म्हणजे कधीच न बिघडणारी सिस्टीम, ही समजूत काढून टाका. तेल, वायर, सेन्सर आणि रस्त्यावरचा चिखल एकत्र आले की कधी ना कधी काहीतरी अडणारच. खरा भरवसा दोन गोष्टींवर ठरतो: अडली तर हाताने पाय वर घेता येतात का, आणि लागणारा भाग लवकर मिळतो का.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याला हे करून दाखवायला सांगा:

१. मॅन्युअल ओव्हरराइड कुठे आहे? बऱ्याच सिस्टीममध्ये व्हॉल्व्ह हाताने उघडायची सोय असते. काहींमध्ये पंपाला बॅटरीवरची ड्रिल जोडून तेल फिरवता येतं.

२. तिथपर्यंत हात पोचतो का? पंप आणि व्हॉल्व्ह सामान ठेवायच्या कप्प्यातल्या पॅनलमागे बसवलेले असतात. पाऊस आणि अंधार असताना, गाडीखाली न शिरता तिथे पोचता आलं पाहिजे. हा मुद्दा सुरक्षेचा आहे.

३. स्लाइड-आउटही त्याच पंपावर आहे का? असेल तर पंप बंद पडला की पाय आणि खोली दोन्ही अडकतात.

४. एरर काय आहे ते स्क्रीनवर शब्दांत दिसतं का? नुसता लाल दिवा लागण्यापेक्षा ‘व्होल्टेज कमी’, ‘उतार जास्त’, ‘स्ट्रोक संपला’ असं दिसलं तर अर्धी दुरुस्ती फोनवरच होते.

या चारपैकी एकाही प्रश्नावर ‘तशी वेळ येत नाही हो’ असं उत्तर मिळालं, तर दुसरा विक्रेता शोधा.

कंपन्या कोणत्या?

अमेरिकेत या व्यवसायाचं केंद्र इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट आहे. आरव्हीची राजधानी म्हणून ते ओळखलं जातं. लिप्पर्ट ही मोठी कंपनी तिथलीच. फिफ्थ व्हीलसाठी तिची लेव्हल अप ही हायड्रॉलिक सिस्टीम खूप दिसते. इक्वलायझर सिस्टिम्सही एल्कहार्टचीच. एचडब्ल्यूएच ही कंपनी आयोवा राज्यातल्या मॉस्को नावाच्या छोट्या गावातली आहे आणि मोटरहोममध्ये तिचं नाव जुनं आहे. मिशिगनमधली क्वाड्रा कंपनी बिगफूट नावाने जॅक बनवते. युरोपात नेदरलँड्सची ई अँड पी आणि मूळची जर्मन असलेली अल-को ही नावं जास्त ऐकू येतात.

नाव मोठं असलं की झालं, असं मात्र नाही. या व्यवसायात कंपन्या विकल्या जातात. पॉवर गिअर हे जुन्या मोटरहोमवर हमखास दिसणारं नाव २०१४ मध्ये लिप्पर्टकडे गेलं. अशा वेळी जुन्या मॉडेलचे भाग नव्या मालकाकडे आहेत का, हे विचारावं लागतं.

ब्रँड ठरवण्याआधी आपण जिथे राहतो आणि जिथे जास्त फिरतो त्या भागात कोणत्या सिस्टीमचा मेकॅनिक आहे, ते बघा. जवळच्या दोन-तीन सर्व्हिस सेंटरना फोन करून ‘या कंपनीचा व्हॉल्व्ह बदलायचा झाला तर किती दिवस लागतील?’ एवढंच विचारा. दोन दिवस आणि दोन महिने या उत्तरांतला फरक कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

युरोपात राहत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. तिथे साध्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवायची मर्यादा अनेकांना लागू होते. सिस्टीमचं स्वतःचं वजन त्यातूनच वजा होतं, म्हणजे तेवढं सामान किंवा एक माणूस कमी.

जुनी आरव्ही घेताना काय तपासायचं?

- पाय पूर्ण खाली करा, आणि पुन्हा वर घ्या. चारही साधारण सारख्या वेगाने वर येतात का ते बघा.
- दांडा चकचकीत आणि सरळ हवा. गंजाचे खड्डे असतील तर ते सील फाडतात आणि गळती सुरू होते.
- गाडी सपाट करून शक्य असेल तर रात्रभर ठेवा. तापमान उतरलं की तेल आकुंचन पावतं, त्यामुळे किंचित फरक पडणं नेहमीचं आहे. पण एक कोपरा स्पष्ट खाली बसला असेल, तर व्हॉल्व्ह किंवा सील दाब धरत नाही.
- पंप, होजचे सांधे आणि जॅकच्या खालच्या कडा पांढऱ्या कपड्याने पुसून बघा. लालसर डाग दिसले तर गळती आहे.
- ‘जॅक खाली आहेत’ हा इशारा देणारा दिवा आणि आवाज चालतो का ते तपासा. पाय खाली ठेवून गाडी निघाली तर जॅकसकट सांगाड्याचं नुकसान होतं.
- अमेरिकेत गाडीचा व्हीआयएन क्रमांक एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर टाका. सुरक्षेसाठी परत बोलावलेली आणि अजून दुरुस्त न झालेली गाडी असेल तर ते तिथे कळतं.

वापरताना हे नियम मोडू नका

लेव्हलिंग जॅक गाडी सपाट करण्यासाठी आहे, दुरुस्तीसाठी उचलण्यासाठी नाही. फक्त त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. एक होज फुटली किंवा एक व्हॉल्व्ह उघडला, तर काही टन वजन क्षणात खाली येतं. मेकॅनिक गाडीखाली काम करतात तेव्हा वेगळे लोखंडी स्टँड लावतात, ते याचसाठी.

मागची चाकं जमिनीवरून उचलू नका. बऱ्याच मोटरहोमचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरून ठेवतो. ती चाकं हवेत गेली की ब्रेकला काही अर्थच उरत नाही आणि गाडी पायांवरून घसरू शकते. मागचा भाग खूप उचलावा लागत असेल तर आधी चाकांखाली ठोकळे ठेवून गाडी त्यांवर चढवा, किंवा जागा बदला.

चाकांना अडण लावल्याशिवाय काही सुरू करू नका. घाटात ट्रकवाले चाकामागे दगड ठेवतात, तेच इथे रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या पाचरीने करायचं. ट्रेलर असेल तर ट्रकपासून सोडवण्याआधीच पाचर लावा.

पायाखाली फळी किंवा पॅड ठेवा. पायाचा तळ १० इंच व्यासाचा आणि त्यावर ७,००० पाउंड भार असेल, तर जमिनीवर दर चौरस इंचाला सुमारे ९० पाउंड दाब येतो. खाली १८ इंच बाय १८ इंचाचा मजबूत पॅड ठेवला तर तोच दाब २२ पाउंडांच्या खाली येतो. पावसाने भिजलेल्या मातीत आणि उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर हा फरक लगेच दिसतो.

बटण दाबण्याआधी मुलं आणि कुत्री-मांजरं गाडीपासून दूर आहेत ना, हे स्वतः फेरी मारून बघा.

देखभाल किती?

फार नाही, पण जी आहे ती वेळेवर हवी. तेलाची पातळी नेहमी सगळे पाय वर आणि स्लाइड-आउट आत घेतल्यावर बघायची, नाहीतर टाकी रिकामी वाटते आणि जास्त तेल भरलं जातं. बऱ्याच सिस्टीममध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल चालतं, पण नेमकं कोणतं ते मॅन्युअलमध्ये बघूनच घाला. ब्रेक ऑइल कधीही घालू नका, त्याने सील खराब होतात.

दांडे वर घेण्याआधी चिखल पुसून टाका. समुद्राकाठी किंवा मीठ टाकलेल्या बर्फाळ रस्त्यावर फिरून आल्यावर ते गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा.

सिस्टीम ‘मेली’ असं वाटलं तर सगळ्यात आधी बॅटरी तपासा. पंप भाराखाली शंभर ॲम्पियरच्या आसपास प्रवाह ओढतो. बॅटरी अर्धवट उतरलेली असेल किंवा अर्थिंगच्या जागी गंज असेल, तर व्होल्टेज कोसळतं आणि कंट्रोलर काम थांबवतो. म्हणून मोटरहोमचं इंजिन चालू ठेवून किंवा ट्रेलर बाहेरच्या विजेला जोडून मगच लेव्हलिंग करायला सांगतात. आणि सिस्टीम दर वेळी गाडी तिरकीच ठेवत असेल, तर फरशीवर साधी पाणसळ ठेवून सेन्सरचा शून्य बिंदू नव्याने ठरवून घ्या. ही सोय बहुतेक ऑटोमॅटिक सिस्टीममध्ये असते.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आणि त्यानंतर आपल्याकडेही या गाड्यांची चर्चा वाढली. मोटर कॅराव्हॅनसाठी भारतात एआयएस-१२४ हे मानक आहे. आपल्याकडच्या कॅराव्हॅन बहुतेक टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या मध्यम गाड्यांवर बांधलेल्या असतात, त्यामुळे त्यांना हायड्रॉलिक पायांची गरज अमेरिकेतल्या अवजड गाड्यांइतकी नसते. तरीही कुणी अशी सिस्टीम बसवून घेणार असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत. सांगाड्याला वेल्डिंग करण्याआधी आरटीओत विचारणं शहाणपणाचं.

थोडक्यात

गाडी पूर्ण भरून वजन करा आणि सर्वांत जड कोपऱ्याला पुरून उरेल असा जॅक घ्या. स्ट्रोक आणि मोकळी जागा मोजा. पाय स्प्रिंगने वर येतात की तेलाने, हे विचारा. हाताने पाय वर घेण्याची पद्धत खरेदीच्या दिवशीच स्वतः करून बघा. जवळचा मेकॅनिक कोणती सिस्टीम दुरुस्त करतो, ते शोधा.

इतकं झाल्यावर ब्रँडची यादी आपोआप दोन-तीन नावांवर येते. त्यांतलं कुठलंही घेतलं तरी निघायच्या सकाळी चारही पाय वर येतील, आणि एखादा अडलाच तर काय करायचं हे तुम्हाला आधीच माहीत असेल.